दोघांत मिळून एकच दुर्बीण घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी आणि माझे यजमान, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. पक्षीनिरीक्षणाची गोडी लागून साधारण वर्ष झालं. आतापर्यंत एका नातेवाइकांची जुनी ८×४० दुर्बीण (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटर व्यासाचं) आलटूनपालटून वापरत आलो. गटाबरोबर बाहेर पडलो की सगळ्यांना पक्षी दिसतो, आणि मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो उडालेला असतो. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, यजमानांना चष्मा नाही. आता दोघांत मिळून एकच, पण आयुष्यभर पुरेल अशी चांगली दुर्बीण घ्यायचं ठरवलं आहे. यजमानांचा आग्रह १२×५० चा, कारण ‘घ्यायचीच तर मोठं दिसणारी घ्यावी’. गटातले बहुतेक जण १०×४२ सुचवतात. मी ८×४२ आणि ८×३२ सुद्धा तपासल्या, तक्ता केला, मिळतील ती परीक्षणं वाचली. चार महिने झाले, निर्णय होत नाही. चुकीची वस्तू घेतली तर पैसे पाण्यात जातील अशी धास्ती वाटते. कोणती घ्यावी?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले: ‘मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो उडालेला असतो.’ तुमची खरी अडचण ही आहे, आणि तिच्यासाठी तुमच्या तक्त्यात रकानाच नाही. म्हणून तो तक्ता कितीही वाढवला तरी उत्तर देत नाही. पक्षी किती मोठा दिसतो हे आपण सहज मोजतो, कारण तो आकडा दुर्बिणीवर छापलेला असतो. पक्षी किती लवकर सापडतो हे छापलेलं नसतं. पक्षी बघणाऱ्याला मात्र आधी तो सापडावा लागतो. मोठा दिसण्याची गोष्ट त्यानंतरची.

यजमानांच्या आग्रहापासून सुरुवात करते. पटीचा अर्थ अंतरात करून पाहा. ८० मीटरवरचा पक्षी ८ पटीच्या दुर्बिणीतून १० मीटरवर बसल्यासारखा दिसतो, १० पटीच्या दुर्बिणीतून ८ मीटरवर आणि १२ पटीतून पावणेसात मीटरच्या आतबाहेर. फरक आहे, पण ‘घ्यायचीच तर’ म्हणण्याइतका नाही. आणि या दोन-तीन मीटरची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली म्हणजे हाताचा कंप. पक्षी जितक्या पटीने मोठा होतो तितक्याच पटीने हाताची थरथर, श्वासाचा हेलकावा आणि चढण चढून आल्यावर वाढलेले ठोकेही मोठे होतात. १२ पटीची दुर्बीण नुसत्या हातात धरली की बहुतेकांना पक्षी मोठा दिसतो, पण पिसांवरच्या रेघा कमी दिसतात. ओळख पटवायला तर रेघाच लागतात.

दुसरी किंमत दृश्यक्षेत्राची, आणि तुमचा पक्षी नेमका इथे निसटतो आहे. दुर्बिणीतून किती रुंद तुकडा दिसतो हे १००० मीटरवरच्या मीटरमध्ये किंवा अंशांत लिहिलेलं असतं. १ अंश म्हणजे १००० मीटरवर सुमारे १७.५ मीटर. निकॉनच्या मोनार्क एम५ मालिकेतली ८×४२ घेतली तर ६.४ अंश, म्हणजे सुमारे ११२ मीटर. तिचीच १०×४२ बहीण ५.६ अंशांची, सुमारे ९८ मीटर. आता हे अंतर झाडीत आणा. तीसएक मीटरवरच्या झाडात पहिलीतून साधारण ३.४ मीटर रुंदीचा भाग दिसतो, दुसरीतून २.९ मीटरचा. पानापानांतून टुणटुणत जाणारा वटवट्या शोधताना हा अर्धा मीटर फार मोठा असतो. १२ पटीत हा तुकडा आणखी अरुंद होतो.

पण याचा अर्थ ८ पट म्हटलं की काम झालं असाही घेऊ नका. त्याच कंपनीची मोनार्क एचजी ८×४२ पाहा. पट तीच, भिंगाचा व्यास तोच, पण दृश्यक्षेत्र ८.३ अंश, म्हणजे १४५ मीटर. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर एम५ पेक्षा जवळजवळ दोन तृतीयांश जास्त भाग एका नजरेत येतो. स्वारोवस्कीची एनएल प्युअर १०×४२ तर १० पटीची असून १३३ मीटर दाखवते, पुष्कळ ८ पटीच्या दुर्बिणींपेक्षा जास्त. ही खर्चिक उदाहरणं झाली; ती घ्या असं मी सुचवत नाही. सांगायचं एवढंच की तुमच्या तक्त्यात पटीचा रकाना पहिला असेल तर त्याच्या जागी दृश्यक्षेत्राचा आणा. आकडा उतरवून घेताना तो प्रत्यक्ष कोनाचा आहे ना, ते बघा. काही जाहिरातींत ‘अपेरंट’ म्हणून साठ-पासष्ट अंशांचा आकडा ठळक छापतात. तो वेगळ्या मापाचा आहे, तुलनेला चालत नाही.

आता तुमच्या चष्म्याकडे येते, कारण गटातल्या सल्ल्यात तो कुणीच धरलेला दिसत नाही. नेत्रिकेपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण गोल चित्र दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा लावून बघणाऱ्याला ते निदान १६ मिलिमीटर तरी हवं, १८ असेल तर निवांत. छापलेला आकडा बहुधा नेत्रिकेच्या काचेपासून मोजलेला असतो आणि काच आयकपच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याच्या, थोडी आत बसवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटर कमीच हाती लागतात. आय रिलीफ अपुरं असलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणजे कागदावर ११२ मीटर असलेल्या दुर्बिणीतून तुम्हाला कदाचित त्यातले ऐंशीच दिसत असतील. जुन्या दुर्बिणींत हे अंतर पुष्कळदा फार कमी असे. तुमच्या नातेवाइकांच्या दुर्बिणीतही तेच होत असेल, अशी मला दाट शंका आहे.

एक गोष्ट आजच करून पाहा. त्या दुर्बिणीचे आयकप रबराचे असतील तर मागे दुमडा, फिरवायचे असतील तर पूर्ण आत फिरवा. चष्मा लावणाऱ्याने आयकप नेहमी खाली ठेवायचे, चष्मा नसलेल्याने वर. तुम्ही दोघं आलटूनपालटून वापरता म्हणता. यजमानांच्या हातून दुर्बीण आली की आयकप वरच राहत असणार. मग तुम्हाला मध्यभागी एक लहानसं वर्तुळ आणि भोवती काळं कडं दिसतं. त्या वर्तुळात पक्षी शोधायचा म्हणजे कुणाचीही दमछाक होईल.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा आणखी एक मुद्दा आहे. त्याचा वरचा भाग लांबचं बघायला आणि खालचा वाचायला. झाडाच्या शेंड्याकडे बघताना अडत नाही, पण खाली पाण्याच्या कडेला चालणारा पक्षी बघताना नजर वाचनाच्या भागातून जाते आणि चित्र काही केल्या स्पष्ट होत नाही. अशा वेळी फोकसचं चाक फिरवत बसू नका. हनुवटी किंचित खाली घ्या, म्हणजे नजर काचेच्या वरच्या भागात येते. नियमित जाणार असाल तर फक्त लांबच्या नंबरचा एक साधा चष्मा करून घेणं फायद्याचं ठरतं. चष्मा काढून बघता येईल का, तर नुसता लघुदृष्टीचा किंवा दूरदृष्टीचा नंबर असेल तर बहुतेक वेळा येईल, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर नाही. तो दोष दुर्बीण भरून काढत नाही.

आता ‘दोघांत मिळून एक’ या ठरावाबद्दल. पत्रात तुम्ही हे गृहीत धरून पुढे गेला आहात, मला मात्र तिथेच अडखळायला होतं. चांगली दुर्बीण दोघांत वापरणं म्हणजे दोघांत मिळून एक चष्मा वापरणं. दोन नळ्यांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांना जुळवलेलं असतं. आयकपचं वर सांगितलंच. शिवाय डायॉप्टर: आपले दोन्ही डोळे क्वचितच अगदी सारखे असतात, तो फरक एकदा लावून ठेवायचा असतो, आणि तो प्रत्येकाचा निराळा. दर वेळी दुर्बीण हातात आली की या तीनही गोष्टी बदलाव्या लागतात. तेवढ्यात पक्षी जातो. आणि समजा सगळं क्षणात जमलं, तरी पक्षी समोर असताना दोघांपैकी एकाला थांबावंच लागतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, थांबणाऱ्या बहुतेक वेळा तुम्हीच असता. याचा विचार दोघांनी मिळून करावा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: जेवढे पैसे एका भारी दुर्बिणीसाठी बाजूला काढले आहेत, तेवढ्यात दोन मध्यम दर्जाच्या घ्या. दुर्बिणींच्या बाबतीत अगदी स्वस्त आणि मध्यम यांच्यातला फरक पहिल्या नजरेत कळतो. मध्यम आणि सर्वोत्तम यांच्यातला फरक कळायला कातरवेळ, उलटा प्रकाश आणि सरावलेली नजर लागते. तो फरक खरा असतो आणि ज्यांना परवडतो त्यांना आनंदही देतो. पण दोघांच्या हातात स्वतःची दुर्बीण असण्याचा आनंद त्याहून कितीतरी मोठा आहे.

मध्यम दर्जा म्हणजे काय, हे मी किमतीवरून ठरवत नाही. भिंगाच्या ज्या पृष्ठभागावर लेप नसतो तिथून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे १० पृष्ठभाग धरले तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. परावर्तन कमी करणारा लेप झाइस या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला तो याच कारणासाठी. तेव्हा ‘फुली मल्टिकोटेड’ हे शब्द बघा. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ लिहिलं असेल तर काही पृष्ठभाग वगळले असण्याची शक्यता राहते. दुसरी गोष्ट, सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम, म्हणजे चित्र सुलटं करणारे एका प्रकारचे काचेचे लोलक, असतात. त्यांत प्रकाश दोन भागांत विभागून पुन्हा एकत्र येतो आणि त्यांच्या लहरी नीट जुळल्या नाहीत तर चित्राचा कसदारपणा उतरतो. त्यावरचा फेज करेक्शनचा लेप झाइसनेच १९८८ मध्ये आणला, आणि आता तो मध्यम दुर्बिणींतही मिळतो. तो नसलेली रूफ प्रिझमची दुर्बीण घेऊ नका. तिसरी गोष्ट जलरोधकपणा. आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला असेल तर थंडीतून उबेत आल्यावर भिंगांवर आतून वाफ धरत नाही. ईडी काच असेल तर उत्तम; काळ्या फांदीच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार तिने कमी होते. पण पहिल्या तीन गोष्टी सोडून ईडीच्या मागे जाऊ नका.

पैसे फारच बेताचे असतील तर जुन्या घाटाची, खांदे बाहेर आलेली पोरो प्रिझमची ८ पटीची दुर्बीण विचारात घ्या. तिला फेज करेक्शन लागतच नाही, त्यामुळे कमी खर्चात चित्र पुष्कळदा सरस मिळतं. बोजड असते आणि पावसापाण्यात जपावी लागते, एवढंच. झूम दुर्बीण मात्र नकोच. तिचं दृश्यक्षेत्र फार अरुंद असतं आणि दोन्ही नळ्या सगळ्या पटींवर एकसारख्या राहणं अवघड. फोकसच नसलेल्या आणि लालभडक भिंगांच्या दुर्बिणीही टाळा.

तुमच्यासाठी ८×४२ की ८×३२? पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो: ८×४२ ला ५.२५ मिलिमीटर, ८×३२ ला ४, १०×४२ ला ४.२. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे उन्हात या तिन्हींच्या उजेडात फरक जाणवत नाही. पहाटे आणि संध्याकाळी जाणवतो. वयाबरोबर बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, तेव्हा पन्नाशीनंतर याहून जाड झोताच्या मागे लागण्यात फारसा अर्थ उरत नाही. पण जाड झोताचा आणखी एक गुण असतो: डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र काळं पडत नाही, पटकन लागतं. तुमची तक्रार बघता हा गुण तुम्हाला उपयोगी आहे. उलट बाजूला वजन आहे. ८×४२ साधारण ६०० ते ८५० ग्रॅम, ८×३२ साधारण ४५० ते ६००. मान किंवा खांदा दुखत असेल तर हलकी घ्या. गळ्यात न घालता पिशवीत राहिलेली दुर्बीण काही कामाची नाही. तसं दुखणं नसेल तर माझा कौल ८×४२ ला, आय रिलीफ १७-१८ च्या पुढे असलेल्या. मानेवरचा भार खांद्यांवर नेणारा पट्टा वेगळा मिळतो, तो जरूर घ्या.

गटातले लोक १०×४२ म्हणतात ते चूक नाही. मोकळ्या पाणथळीवर, माळावर, आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी १० पट कामाची असते, आणि वर्षानुवर्षं सरावलेल्या हाताला तिच्यात पक्षी धरणं जड जात नाही. तुम्ही दोन घेणार असाल तर एक ८ आणि एक १० अशी जोडी छान जमेल. ८ पट तुमची, १० पट यजमानांची. त्यांना खरोखर दूरची बदकं मोठी बघायची असतील तर पुढेमागे तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप घ्यावा. त्यात २० ते ६० पट मिळते आणि हात थरथरत नाही.

‘आयुष्यभर पुरेल’ या अपेक्षेनेही तुमचा निर्णय अडवून धरला आहे असं मला वाटतं. दुर्बीण टिकेलही, पण डोळे, नंबर, हातातली ताकद आणि आवडीचे पक्षी बदलत जातील. पुढच्या पाच-सात वर्षांसाठी योग्य काय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. चांगल्या स्थितीतली दुर्बीण विकलीही जाते.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचा नेहमीचा चष्मा लावून जा आणि दुकानातल्या दिव्यांखाली ठरवू नका, दारात या. दुर्बीण हातभर लांब धरून नेत्रिकांकडे बघा. उजेडाच्या दोन चकत्या पूर्ण गोल आणि कडेपर्यंत स्वच्छ दिसायला हव्यात, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझमची काच हलकी आहे. पुढच्या भिंगात दिव्याचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसावं. पांढरंशुभ्र दिसलं तर तिथे लेप नाही. मग लांबची एक पाटी पाच मिनिटं सलग बघा. डोळ्यांवर ताण आला, डोकं जड झालं किंवा एक डोळा मिटावासा वाटला, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण कितीही नावाजलेली असली तरी परत ठेवा. शेवटी तीन पावलांवरच्या एखाद्या पानावर फोकस होतो का बघा. दोन मीटरपर्यंत होत असेल तर फुलपाखरंही बघता येतील.

डायॉप्टर कसा लावायचा हे पुष्कळांना कुणी दाखवलेलंच नसतं. लांबची स्पष्ट कडेची वस्तू घ्या. उजव्या नळीचं भिंग पुढून झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र रेखीव करा. आता डावं भिंग झाका. मधलं चाक अजिबात न हलवता उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवून तेच चित्र रेखीव करा. कडी कुठे आली ते लक्षात ठेवा किंवा तिथे बारीक खूण करा. काही दुर्बिणींत ही सोय मधल्या चाकातच असते, रीत तीच.

आणि हे सगळं नव्या दुर्बिणीची वाट न बघता आत्ता, जुनीवरच करा. आयकप खाली, डायॉप्टर तुमचा, आणि एका फेरीपुरती ती फक्त तुमच्या गळ्यात. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून ठेवा, खाली दुर्बिणीकडे बघू नका. हाताने ती डोळ्यांपर्यंत आणा, मान हलू देऊ नका. घराच्या खिडकीतून एखाद्या फांदीच्या टोकावर रोज थोडा वेळ हा सराव केलात तर आठवडाभरात हात आपोआप नेमक्या जागी जायला लागतो. नजर हटतेच असं वाटलं तर पक्ष्याजवळची खूण धरा, वाळकी काटकी, फांदीचा बेचका, आणि आधी ती दुर्बिणीत आणा.

यजमानांशी १२×५० वरून वाद घालू नका. दुकानात ८ पटीची आणि १२ पटीची अशा दोन्ही त्यांच्या हातात द्या, कशालाही टेकून उभं राहू देऊ नका, आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरची सगळ्यात बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येकीला दोन मिनिटं तरी द्या, कारण १२ पटीत हात लगेच थकत नाही, थोड्या वेळाने थकतो. एवढं करूनही त्यांना १२ पटीतूनच जास्त वाचता आलं तर ती त्यांना खुशाल घेऊ द्या. तुमच्या गळ्यात तुमची असेलच.